थोरलीच्या अंगावर धाकट्याचं दुखणं

खुर्ची माझ्यामुळे मोडली, हे आधीच सांगून टाकतो. त्या दिवशी दुकानाबाहेर जमलेल्यांपैकी एकाचाही त्यावर विश्वास बसला नव्हता, म्हणून सांगायचं.

माझी अंगकाठी अशी, की सदरा वाळत घातलाय की मी आत उभा आहे, हे जवळ आल्याशिवाय कळत नाही. घरातली एक आरामखुर्ची दुरुस्तीला द्यायची म्हणून मी त्या सोफा-खुर्च्यांच्या दुकानात चौकशीला शिरलो होतो. आतून कुणीतरी "बसा" म्हणालं आणि मी पुढ्यात दिसली त्या खुर्चीवर बसलो. ती सरस लावून वाळायला ठेवलेली होती. तिच्या पाठीवर खडूनं 'बसू नये' असं ठळक लिहिलंही होतं. पण मी पुढून आलो होतो. खुर्चीचे चार पाय चार दिशांना गेले आणि मी पाचव्या. आवाज असा झाला, की समोरच्या न्हाव्याच्या दुकानातून एक गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन धावत आलं.

तोवर मी उठून कपडे झटकत होतो. माझ्या शेजारी हातात दाभण घेऊन दुकानाची मालकीण उभी होती. चांगली दारभर बाई. जमलेल्यांनी मोडलेल्या खुर्चीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांचा तपास जागच्या जागी पूर्ण झाला.

"ताई, लागलं नाही ना फार?" न्हाव्यानं विचारलं.

"अहो, मी बसलो होतो," मी म्हणालो.

"असू दे, असू दे." त्यानं माझ्या खांद्यावर थोपटलं. "मोठ्या मनाचे आहात."

गर्दी हसत पांगली. बाई खाली वाकून खुर्चीचे पाय गोळा करायला लागली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका हो. या गल्लीत भिंतीला तडा गेला तरी लोक आधी विचारतात, मी टेकले होते का."

आणि आतल्या बाजूला सोफ्याच्या सांगाड्यात डोकं खुपसून बसलेला एक दाढीवाला माणूस, तोंडात खिळे असल्यामुळे ओठ न उघडता, नाकानंच हसला. खिळे तळहातावर काढून घेत म्हणाला, "ताई, त्यांना चहा दे. त्याशिवाय वजन नाही यायचं, जाताना उडतील."

ही माझी आणि त्या बहीण-भावाची ओळख. गल्लीत तिला सोफाताई म्हणत. त्यातलं किती धंद्यामुळे आणि किती आकारामुळे, ते तिला बरोबर ठाऊक होतं. मी तिला थोरलीच म्हणतो, कारण तो तिचा धाकटा होता, आणि त्या दोघांना एकमेकांशिवाय दुसरी ओळख लावणं मला जमलेलं नाही. माझी आरामखुर्ची पुढं पुष्कळदा मोडली. निम्म्या वेळा मी मुद्दाम मोडली असेल.

पुढची हकीकत थोरलीनं मला तुकड्यातुकड्यानं सांगितली. हात कामात असला तरच ती बोलायची.

त्यांचे बाबा याच दुकानात खुर्च्या भरायचे. घरात दोन मुली. थोरली जन्मतःच भरदार. आई म्हणायची, हिला पाळण्यात ठेवली तेव्हाच पाळणा कण्हला. धाकटी मात्र काटकुळी आणि कळायला लागल्यापासून बाबांच्या मागं मागं. फ्रॉकवर बाबांचा हत्यारांचा पट्टा बांधून फिरायची. तो पट्टा गुडघ्यापर्यंत लोंबायचा, पण सोडायची नाही. मोठी होत गेली तशी फ्रॉक सुटला, पट्टा राहिला. मग एकदा केस कापून आली, आणि जेवायला बसल्यावर खाली मान घालून म्हणाली, "मी मुलगी नाहीये. मला तशी हाक मारू नका."

आईनं रडून घेतलं. नातेवाइकांना काय सांगू, म्हणाली. आधीच एक पोर लोकांच्या डोळ्यात मावत नाही, आता दुसरी डोक्यात मावेना. बाबा काहीच बोलले नाहीत. बरेच दिवस बोलले नाहीत. मग एका सकाळी दुकानात खुर्ची उलटी करून बसले होते, तर मागं न बघता हात पुढं करून म्हणाले, "धाकट्या, हातोडी दे."

धाकट्यानं हातोडी दिली. घरातला सगळा वाद तेवढ्यावर मिटला. बाहेरचा कधीच मिटला नाही, पण धाकटा म्हणायचा, "बाहेरच्यांचं काय, ते ताईच्या अंगावरूनही बोलतात. आपल्या दोघांना बघायला लोकांना दोन डोळे पुरत नाहीत."

पुढं त्यानं मोठ्या दवाखान्यातून इंजेक्शनं घ्यायला सुरुवात केली. आवाज उतरला, दाढी आली, आणि दर महिन्याचं ते लाजिरवाणं दुखणं थांबलं. ज्या दिवशी ते थांबलं याची खात्री पटली, त्या दिवशी त्यानं अख्ख्या दुकानाला चहा पाजला. कशाबद्दल, ते फक्त थोरलीला माहीत होतं.

थोरलीचं लग्न झालं होतं, एकदा. नवरा वाईट नव्हता. त्याला फक्त लाज वाटायची. रस्त्यात तो चार पावलं पुढं चालायचा आणि घरात दिवा मालवल्याशिवाय जवळ यायचा नाही. आणि त्या अंधारात तिला दुखायचं. फार दुखायचं. तिला वाटलं, सगळ्यांनाच दुखत असेल. मग न राहवून ती गल्लीच्या टोकाला असलेल्या बायकांच्या दवाखान्यात गेली. तिथल्या तपासायच्या टेबलावर चढली तर टेबल करकरलं. कोपऱ्यातली नर्स म्हणाली, "जपून हो, टेबल एकच आहे आमच्याकडे." शिकायला आलेल्या दोन मुली तोंड फिरवून हसल्या. डॉक्टरीणबाईही जरा हसल्या. थोरली आडवी पडल्यापडल्या टेबलाचा विचार करत होती. पट्ट्या सैल झाल्या होत्या, रेक्झिनखाली फोमचा भुगा झाला होता. कुणीही चढलं असतं तरी ते वाजलंच असतं. पण तिनं सांगितलं नाही. अशा वेळी काय सांगणार.

"दुखतं कुठं?" बाईंनी विचारलं.

तिनं सांगितलं.

"एवढ्या वजनाला दुखणारच. आधी उतरवा, मग बघू."

तपासणी तिथंच संपली. दुखणं तसंच राहिलं. वर्षभरानं नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं. "लोक दुकानात खुर्ची आणून सोडतात ना, तसं," थोरली मला म्हणाली होती. "फरक एवढाच, खुर्ची न्यायला परत येतात." हे सांगताना ती हसली. मला काही हसता येईना, तर म्हणाली, "हसा हो. मी काय तुम्हाला दाभण टोचतेय का?"

त्यानंतर ती कधी त्या टेबलावर चढली नाही. दात दुखला तरी आधी वजन काढतील म्हणून लवंग धरून बसायची.

दोघं एकाच घरात राहायची, एकाच दुकानात बसायची. आईबाबा गेल्यावर तर तिला तो आणि त्याला ती. तोंडात खिळे धरायची खोड दोघांची सारखीच. खुर्च्या भरणारे लोक बारीक खिळे मूठभर तोंडात धरतात, आणि एकेक जिभेनं पुढं सारून हातोडीनं ठोकत जातात. हात मोकळे राहतात, हा त्यातला फायदा. धाकट्याला दुसरा फायदा सापडला होता. नकोसा प्रश्न आला की तो तोंडात खिळे भरायचा. मग पुढचा सोफा पुरा होईपर्यंत तो बोलणार नाही हे ठरलेलं. थोरली म्हणायची, "भर, भर. एक दिवस गिळशील."

त्या सकाळी त्यानं मुठीतले खिळे तोंडात घातले नाहीत. परत डब्यात टाकले.

"ताई."

"हं."

"ते परत सुरू झालंय."

"काय?"

त्यानं आधी बाहेर बघितलं, मग हातोडी घेऊन एका रिकाम्या फळीवर ठोकायला लागला. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. त्या ठणठणाटात तो म्हणाला, "बंद झालेलं. रक्त."

"इंजेक्शन चुकलं असेल."

"नाही चुकलं."

"कधीपासून?"

"झाले काही महिने. आधी थोडं थोडं होतं. आता वासही येतो. कंबर दुखते."

"आणि हे तू मला आता सांगतोस?"

"आता ठोकायला फळी मिळाली," धाकटा म्हणाला.

थोरली त्याला फार बोलली. मग म्हणाली, जाऊन दाखवून ये. इंजेक्शनं जिथं घ्यायचा तिथले डॉक्टर म्हणाले होते, हे आमच्याकडचं नाही, बायकांच्या डॉक्टरांना दाखवा. त्यामुळे तो गेला, त्याच गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात. स्वच्छ शर्ट घातला, दाढी विंचरली. सवयीनं हत्यारांची पिशवी खांद्याला होतीच.

खिडकीतल्या बाईनं मान वर न करता सांगितलं, "नवऱ्यांनी बाहेर थांबायचं."

"पेशंट मीच आहे," तो हळू आवाजात म्हणाला आणि जुनं ओळखपत्राचं कार्ड पुढं केलं. बाईनं कार्ड पाहिलं, त्याच्या दाढीकडे पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं. मग उठून उभी राहिली आणि कार्डावरचं जुनं, मुलीचं नाव अख्ख्या खोलीत मोठ्यानं पुकारलं. "कोण आहे या नावाचं? यांच्या हातात कार्ड कसं आलं?"

भिंतीला लागून बसलेल्या सगळ्या बायका त्याच्याकडे बघायला लागल्या. एकीनं पोराला जवळ ओढून घेतलं. तेवढ्यात आतून शिपाई आला, त्याची नजर पिशवीवर गेली. "अरे, सोफावाले ना तुम्ही? तो बाक शिवायला आलात? बरं झालं. कधीचं सांगून ठेवलंय."

बुडत्याला काडी म्हणतात ती हीच. धाकटा "हो" म्हणाला. बायकांना उठवलं, बाक उलटा केला, फाटकं रेक्झिन ताणून नीट टाके घातले, खालच्या पट्ट्या आवळल्या, आणि घरी आला. गेला होता तपासून घ्यायला, आला बाक शिवून.

थोरलीला त्यानं हे हसत हसत सांगितलं. तीही इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण मघाशीच हसायचं थांबलोय.

"परत जा."

"नाही जाणार. त्या खोलीत नाही. मेलो तरी नाही जाणार, ताई."

"असं तोंडातून काढू नको."

त्यानं डब्यातले खिळे उचलले आणि तोंडात भरले.

दोन दिवस ती त्याच्या भरलेल्या तोंडाकडे बघत बसली. रात्री त्यानं धुवून आडोशाला वाळत घातलेले कपडे बघत बसली. मग तिला जी युक्ती सुचली, ती तिलाच सुचू शकत होती. दुसऱ्या कुठल्याही घरात ती सुचली नसती, आणि सुचली असती तर कुणीतरी तिला वेड्यात काढून थांबवलं असतं. इथं थांबवायला कुणी नव्हतं.

"मी जाते," ती म्हणाली. "तुझं सगळं माझं म्हणून सांगते. त्यांना काय, बाईचं दुखणं हवं. मी बाई आहे. दोन बायकांइतकी आहे. औषध लिहून देतील ते मी आणते, तू घे."

धाकट्यानं खिळे काढले. "आणि तपासायला निघाले तर?"

"नाही निघत," थोरली म्हणाली. "मला बघून कुणी तपासायला निघत नाही."

तिला त्या टेबलाचा किती धसका आहे, हे त्याला ठाऊक होतं. पण सुटका समोर दिसली की माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही. त्यानं तिला सगळं नीट सांगितलं. रंग कसा, केव्हा येतं, किती येतं, कंबर कुठं दुखते. सांगताना तो पाठमोरा होता. तिनं शाळेतल्या कवितेसारखं पाठ केलं.

दवाखान्यात ती बाकावर बसली. टाके ओळखीचे होते. तिच्याखाली बाक जराही वाजला नाही. भाऊ सोबत आल्यासारखं वाटलं, असं ती मला म्हणाली.

डॉक्टरीणबाई त्याच होत्या, केस पांढरे झालेल्या. बाहेर खोली भरलेली, सकाळपासून उसंत नसेल. थोरलीनं पाठ केलेलं म्हणून दाखवलं. बाई ऐकत होत्या, पण नजर तिच्या दंडांवर, पोटावर.

"वजन किती?"

थोरली काट्यावर उभी राहिली.

"बघा," बाई म्हणाल्या. "एवढी चरबी असली की शरीरातलं सगळं बिघडतं. रक्तस्राव त्यामुळेच. वासाचं म्हणाल, तर घाम, ओलावा, स्वच्छता ठेवा. कंबर तर दुखणारच, एवढा भार वाहायचा म्हणजे." त्यात खोटं काही नव्हतं. वाढलेल्या वजनानं असा रक्तस्राव होतोही. बाईंनी दाराशी असलेल्या गर्दीकडे बघितलं आणि टेबलाकडे बघितलं. "तपासून बघायला हवं खरं तर."

थोरली पटकन काट्यावरून उतरली. एक तर टेबल. आणि तपासलं तर सोंग उघडं पडायचं. "आज नको," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला."

"बरं, पुढच्या खेपेला," बाई म्हणाल्या. दोघींचाही जीव भांड्यात पडला.

गोळ्या मिळाल्या. वर काय खायचं, काय नाही, याचा छापील कागद मिळाला. धाकट्यानं गोळ्या घ्यायला सुरुवात केली. रात्री ताटात उकडलेल्या भाज्या बघून तो म्हणाला, "हे कुणाचं?"

"दोघांचं."

"गोळ्या माझ्या आणि पथ्य तुझं. म्हणजे दुखण्याचीसुद्धा वाटणी केलीस."

आणि गोळ्या लागू पडल्या. म्हणजे रक्त कमी झालं. ते गोळ्यांनी झालं की आपलं आपण, कोण सांगणार. ते कमी झालं नसतं तर बरं झालं असतं. पण त्या वेळी दोघांना आभाळ ठेंगणं झालं. धाकट्यानं तीन कोचांचा संच एका दमात भरून टाकला. थोरली वरच्यावर त्याच्या चेहऱ्याकडे बघायची आणि काळजीनं स्वतः जेवायची नाही. त्यामुळे पुढच्या खेपेला ती गोळ्या आणायला गेली, तेव्हा काट्यावर तिचं वजन उतरलेलं होतं.

"रक्त?" बाईंनी विचारलं.

"कमी झालंय."

"आणि वजनही कमी झालंय! मी म्हटलं नव्हतं?" बाईंनी खुर्चीतून उठून तिच्या पाठीवर थाप मारली. नर्सला हाक मारून सांगितलं, "बघ, मनावर घेतलं की असं होतं. शाब्बास!"

पुढचं सांगताना थोरलीचा हात थांबला होता. ती म्हणाली, "दवाखान्यात मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी शाब्बास म्हणालं. आणि मला बरं वाटलं हो. मी त्याच्यासाठी गेले होते ते क्षणभर विसरले. घरी येईपर्यंत मी नुसती हसत होते." तिनं दाभणात दोरा ओवायला घेतला, तो ओवला जाईना. "त्या दिवशी मला तपासलं असतं, तर त्यांना काही सापडलं नसतं. मग त्या म्हणाल्या असत्या, हे रक्त तुमचं नाही. पण मी खूश होते. तपासा असं म्हणायला सुचलंच नाही."

अशा किती खेपा झाल्या, ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ऋतू बदलला एवढं खरं. धाकटा वाळत चालला. तो पहिल्यापासून काटकुळा, त्यात उकडलेल्या भाज्या; लोकांना वाटलं, ताईचं पथ्य भावाला लागलं. न्हावी म्हणाला, "तुमच्या दोघांचं वजन कुणीतरी नीट वाटून द्यायला हवं." धाकटा हसला. हसताना त्यानं कंबर धरली होती.

मग एका दुपारी दोघं मिळून एक कोच उचलत होती. त्याचं टोक धाकट्याच्या हातातून सुटलं. तो मागं सरकून नव्या भरलेल्या खुर्चीवर बसला आणि बसूनच राहिला. थोरली ओरडणार होती, गिऱ्हाइकाची खुर्ची आहे म्हणून. तिनं खाली बघितलं. खुर्चीचं फिकट कापड भराभर लाल होत चाललं होतं.

"कापड बदलून देऊ," धाकटा म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "ताई, त्यांना सांग, कापड बदलून देऊ."

या वेळी तिनं त्याला विचारलं नाही. उचललं. सगळ्या गल्लीनं पाहिलं, सोफाताईनं भावाला लहान मुलासारखा दोन्ही हातांवर घेतलाय आणि ती रस्त्याच्या मधोमध गाड्या थांबवत निघालीय. कुणी हसलं नाही. तिच्या अंगात एवढी ताकद कशाला दिलीय, हे त्या दिवशी कळलं, असं न्हावी मला म्हणाला.

मोठ्या इस्पितळात एक तरुण डॉक्टर मुलगी होती. थोरलीनं तिला एका दमात सगळं खरं सांगितलं. तो कोण, रक्त कुणाचं, गोळ्या कुणाच्या. सांगून झाल्यावर ती बोलणी खायला मान खाली घालून उभी राहिली. ती मुलगी रागावली नाही. धाकट्याजवळ जाऊन तिनं विचारलं, "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?"

धाकट्यानं डोळे उघडले. इतकी वर्षं दवाखान्यांत जाऊन हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. "मिस्त्री म्हणा," तो म्हणाला.

"मिस्त्री, मला तपासावं लागेल. दुखलं तर थांबा म्हणा, मी थांबेन."

तो थांबा म्हणाला नाही. तपासणीला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. गर्भपिशवीच्या तोंडाशी कर्करोग होता, आणि तो तिथून निघून कंबरेपर्यंत पोचला होता. असा रोग सावकाश वाढतो, डॉक्टर मुलगी म्हणाली. वेळच्या वेळी कुणी बघितलं असतं तर सुरू होण्याआधीच सापडला असता. ही पिशवी ज्याच्याजवळ आहे त्यानं ती तपासून घ्यायची, मग तो स्वतःला बाई म्हणो की पुरुष. ती हे चांगल्या मनानंच सांगत होती. थोरली भिंतीला टेकून ऐकत होती.

खाटेचा घोळ झालाच. बायकांच्या खोलीत त्याला नको होतं, पुरुषांच्या खोलीत इस्पितळवाल्यांना नको होतं. शेवटी डॉक्टर मुलीनं भांडून दोन्हींच्या मधली एक लहानशी खोली रिकामी करून घेतली. पूर्वी तिथं मोडक्या खुर्च्या ठेवत. धाकटा म्हणाला, "बघ ताई, बरोबर जागी आलो."

मी भेटायला जायचो. तो किरणांचा शेक घेऊन दमलेला असायचा. तरी मला बघितलं की म्हणायचा, "तुम्ही उभेच राहा. इथल्या खुर्च्या दुसऱ्यांच्या आहेत." एकदा मी गेलो तेव्हा दोघांचं भांडण चाललं होतं.

"तू जाऊन ये," तो म्हणत होता.

"मला काही झालेलं नाही."

"तुला झालेलं नाही हे तुला काय माहीत? तुझं कुणी बघितलंय कधी? ती डॉक्टर मुलगी काय फक्त मला तपासायला ठेवलीय का? जा, टेबलावर चढ. आता माझं काही सांगू नको. तुझं सांग."

"टेबल मोडेल."

"मोडू दे. मी दुरुस्त करीन." आणि असं म्हणून तो खोकत राहिला, कारण तो काही दुरुस्त करणार नव्हता हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

ती गेली. डॉक्टर मुलीनं हात देऊन तिला टेबलावर चढवलं, खाली आणखी एक उशी दिली, आणि अंधारात दुखायचं ते इतक्या वर्षांनी कुणीतरी नीट विचारलं. त्यालाही एक नाव होतं म्हणे, आणि उपायही होता. वजनाशी त्याचा संबंध नव्हता. वजनाचं, साखरेचं पुढं सावकाश बघू, त्यानंही धोका असतोच, ती म्हणाली. पण ते कारण सांगून तुम्हाला परत पाठवायला नको होतं. बाकी सगळं नीट होतं. थोरली बाहेर आली आणि व्हरांड्यात धाय मोकलून रडली. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, काहीतरी वाईट निघालं असणार.

तिनं धाकट्याला सांगितलं, "काही नाही निघालं." त्यानं तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "शाब्बास."

त्या वर्षीचा हिवाळा त्यानं पाहिला नाही.

दुकान थोरलीनं उघडलं, बऱ्याच दिवसांनी. मी गेलो तेव्हा ती एका जुन्या कोचाचं पोट उसवून काथ्या काढत होती. समोर बसायला खुर्ची होती. मी उभाच राहिलो. न्हावी येऊन, काहीतरी बोलायला हवं म्हणून, आजच्या उन्हाबद्दल बोलून गेला. तो गेल्यावर मला वाटलं, आपणही काहीतरी बोलावं. लोक अशा वेळी बोलतात तेच मी बोललो. म्हटलं, ताई, स्वतःला लावून घेऊ नका. त्याच्यासाठी तुम्ही त्या दारात उभ्या राहिलात, दुसरं कोण राहिलं असतं? एवढी लाज पोटात घालून दुसरं कोण गेलं असतं?

तिनं काथ्याचा गोळा खाली टाकला आणि माझ्याकडे बघितलं.

"मी गेले नसते, तर त्याला जावं लागलं असतं."